मोघेकाकांची ऑरगॅनिक केमिस्ट्री

गणपतीच्या दिवशी, एडिसनमधल्या एका शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, झाडून साऱ्या मराठी माणसांच्या डोळ्यांदेखत मोघेकाकांनी प्रत्यक्ष गणपतीचा नैवेद्य उष्टा केला.

चोरून नाही, लपून नाही. गुरुजी ताटाभोवती पाणी फिरवणार एवढ्यात काका पुढे झाले, ताटातला एक मोदक उचलला, अर्धा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि म्हणाले, "हं. चालेल. दाखवा आता."

हॉलमध्ये अशी शांतता पसरली की बाहेर पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीचा अलार्म कोकलत होता, तोसुद्धा लाजून बंद पडला. एका आजींनी कानांवर हात ठेवले. खरं तर डोळ्यांवर ठेवायला हवे होते, पण धक्क्यात जागा चुकली. आमचे गुरुजी एरवी एका बँकेचा डेटाबेस सांभाळतात, रात्री-अपरात्री सर्व्हर कोसळलेले त्यांनी पाहिलेत. पण त्यांच्याही हातून पळी निसटली.

"काका, अहो देवाच्या आधी?"

"मग? खोबरं खवट निघालं असतं तर तो बोलून दाखवणार होता का? बिचारा. आधी मी, मग तो."

'आधी मी.' या दोन शब्दांत मोघेकाका संपूर्ण येतात. ते माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, आमच्याच रस्त्यावर चार घरं सोडून राहतात. मूळचे सांगलीचे. जन्मभर एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम लोकांच्या हातात पडण्याआधी आपण वापरून बघायचा आणि कुठे कोसळतो ते सांगायचं. नोकरीतून माणसं रिटायर होतात, काकांची नोकरी मात्र काकांमधून रिटायर झाली नाही. मराठी मंडळाच्या पिकनिकला मुलांसाठी हवेचा किल्ला आणला, त्यात पहिली उडी काकांची. किल्ला बसला, काका आत आणि ओरडणारी पोरं बाहेर. शेवटी त्यांना पायांना धरून ओढून काढलं, तर बाहेर येता येता म्हणतात, "डाव्या कोपऱ्याची शिवण कच्ची आहे." आमच्या शेजाऱ्यांनी नवी गादी घेतली. काका ती 'बघायला' गेले आणि तिच्यावर असे झोपले, की बिचाऱ्या नवराबायकोने ती रात्र सोफ्यावर काढली. सकाळी चहाबरोबर त्यांना गादीचा लेखी अहवाल मिळाला.

ही सवय नोकरीतून आली असं लोक म्हणतात. मला माहीत आहे, ती आली त्यांच्या बायकोमुळे. सुलभाकाकू लग्न होऊन भारतातून इथे आल्या तेव्हा त्यांना इथल्या सगळ्याचीच भीती वाटायची. मॉलमधल्या सरकत्या जिन्यापाशी त्या ज्या थबकल्या, त्या काही केल्या पाऊल टाकेनात. काका म्हणाले, "आधी मी." आणि एकटेच वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. हा प्रकार दुपारभर चालला. शेवटी सिक्युरिटीवाला आला. त्याला वाटलं म्हातारा जिना चोरायला आलाय. (काका तेव्हा तिशीत होते, पण गोष्ट सांगताना मी त्यांना म्हाताराच करतो, बरं पडतं.) सिक्युरिटीवाल्याच्या खांद्यावरून काकांनी हाक मारली, "ये गं. काही होत नाही." आणि काकूंनी डोळे मिटून पाय टाकला. पुढे गाडी चालवणं असो, बर्फावरून चालणं असो, मेक्सिकन मिरची असो, आधी काका आणि मागून 'ये गं, काही होत नाही.' आयुष्यभर त्या बाईने नवऱ्याचं उष्टं खाल्लं, ते या अर्थाने.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. कॅन्सर होता. त्यानंतर काकांचं टेस्टिंग वाढलं, कमी झालं नाही. कुणासाठी करायचं ते मात्र ठरलेलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांसाठी करायचे. देवासाठीसुद्धा.

आता माझ्या मुलीकडे येतो, कारण काकांनी या सवयीचा कळस जो गाठला तो तिच्यापायी.

ईशा. जन्म इथलाच. मराठी समजतं सगळं, उत्तरं इंग्रजीतून. तिला डेंटिस्ट व्हायचं होतं. जवळच्याच सरकारी विद्यापीठातून, घरून जाऊन-येऊन, तिने पदवी घेतली. मग डेंटल स्कूलांना अर्ज केले. उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम, कुठली दिशा सोडली नाही. सगळीकडून नकार. एका ठिकाणी वेटिंग लिस्टवर नाव होतं, तिथे आशेने आम्ही दोन महिने हळू आवाजात बोललो. मग तेही गेलं. ईशा एका दातांच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून काम करायला लागली. घरी आली की वर, खोलीत, दार बंद. जेवायला बोलावलं की 'आय एम गुड.' पोरीचा आवाज विसरायची वेळ आली.

अडचण कुठे होती, ते आम्हाला माहीत होतं: दुसरं वर्ष. त्या वर्षी केमिस्ट्रीत, विशेषतः ऑरगॅनिकमध्ये, सी. आमच्या घरात तोवर सी हे अक्षर फक्त व्हिटॅमिनला लागायचं. तेव्हा विचारलं होतं, "काय झालं गं?" तर, "इट्स फाइन, बाबा." माझी बायको मेधा हिने सगळीकडे बॉयफ्रेंड शोधला. सापडला नाही, म्हणून तिची काळजी दुप्पट झाली.

आता प्रश्न असा होता: पोस्ट-बॅक करायचं का नाही? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पदवी झाल्यावर पुन्हा वर्ष-दोन वर्षं कॉलेजात बसायचं, सायन्सचेच विषय घ्यायचे, यावेळी चांगले मार्क काढायचे आणि डेंटल स्कूलला दाखवायचं, की बघा, आधी जमलं नव्हतं, आता जमतंय. हे झाल्यावर प्रवेशाची शक्यता वाढते म्हणतात. पण म्हणतात म्हणजे कोण म्हणतं? आणि नाही वाढली तर? पोरीची दोन वर्षं आणि उरलासुरला धीर, दोन्ही गेले. ईशा म्हणायची, आणखी एकदा पडायची माझ्यात ताकद नाही. इंग्रजीत म्हणायची, पण आईबापाला ते मराठीतच ऐकू येतं.

आमच्याकडे बैठक भरली. मराठी माणसाच्या घरात मुलीचा प्रश्न म्हटल्यावर बैठक भरतेच, विषय लग्नाचा असो की दाढांचा. एकाने फार्मसी सुचवली. एकाने सांगितलं, भारतात पाठवा, बीडीएस करून येईल. जर्सी सिटीहून खास आलेला माझा एक मित्र म्हणाला, "यार, डेटा सायन्स कर, दात काय, रोबोट काढतील." ईशा पाणी घ्यायला खाली आली, हे वाक्य ऐकलं आणि ग्लास न भरताच वर गेली.

मोघेकाका कोपऱ्यात बसून चिवड्यातले शेंगदाणे तपासत होते. म्हणाले, "ज्याने घेतलंय त्याला विचारा. नाहीतर स्वतः घेऊन बघा. सल्ला कसला देताय? चल रे, आपण बघून येऊ."

आम्ही बघायला गेलो. शब्दशः बघायलाच. काकांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून पेढ्यांचा बॉक्स घेतला होता. "मुलगी द्यायच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत." पोस्ट-बॅकच्या संचालिका म्हणजे साधारण मेधाच्या वयाच्या एक हसऱ्या बाई. काकांनी बॉक्स उघडला, एक पेढा आधी स्वतः खाल्ला, मान हलवली, मग बॉक्स त्यांच्यापुढे सरकवला. बाईंचे डोळे विस्फारले. मी खुर्चीत शक्य तेवढा लहान झालो.

मग सुरू झाली चौकशी. काकांचं इंग्रजी अजून सांगलीत राहतं, पण प्रश्न थेट वर्मावर बोट ठेवणारे होते.

"आमची मुलगी तुमच्याकडे दिली, तर पुढे तिचं काय होतं? याआधी दिलेल्या मुली आता कुठे आहेत?"

बाई म्हणाल्या, कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांपैकी बहुतेकांना प्रवेश मिळतो.

"पूर्ण करणाऱ्यांपैकी." काकांनी तो शब्द चिमटीत उचलला. "आणि मध्येच सोडून गेलेल्या?"

"त्या... त्यात धरत नाही."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मुलाकडच्यांनी पहिलं लग्न लपवल्यावर बघतात. "बरं. आणि ज्या पूर्ण करतात, त्या तुमच्यामुळे पुढे जातात, की मुळात जाणारच होत्या?"

मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढणार. पण बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "खरं सांगू? हा प्रश्न मला कुणी विचारत नाही. मार्क कशामुळे पडले, यावर ते आहे. ते कारण संपलेलं असेल, तर इथे ती वर येईल आणि डेंटल स्कूलं ते बघतात. कारण अजून तिथेच असेल, तर आमच्याकडेही तेच मार्क पडतील. कारण माहीत आहे का तुम्हाला?"

 सख्खा बाप असून मला माहीत नव्हतं.

 परतताना गाडीत, आमची एक्झिट जवळ आल्यावर काका म्हणाले, "मुलगी हुशार. मार्क कमी. मग बहुतेक क्लासच वाईट असणार. बघायला हवं."

मला वाटलं, चार लोकांना फोन करून विचारतील. जानेवारीत एके सकाळी दाराची बेल वाजली. उघडतो तर पाठीला दप्तर, डोक्यावर विद्यापीठाच्या नावाची लोकरी टोपी, हातात हे जाडजूड पुस्तक घेऊन मोघेकाका.

"ऍडमिशन घेतली. ऑरगॅनिक केमिस्ट्री. ईशाने घेतली होती तीच, त्याच प्रोफेसरांकडे. जागा रिकामी असली तर म्हाताऱ्यांना बसू देतात."

मी दाराची चौकट धरली. "काका, तुम्ही कॉमर्सचे ना?"

"म्हणून तर. मला जमलं तर कुणालाही जमेल. आधी मी, मग ईशा."

पहिल्या दिवशी वर्गात शिरल्यावर पोरांनी त्यांनाच प्रोफेसर समजून शंका विचारल्या. आता हे काकांनीच मला सांगितलं, म्हणून शपथ घेत नाही, पण खरे प्रोफेसर येईपर्यंत काकांनी म्हणे दोन जणांच्या शंका फेडल्या. त्यातल्या एकाने विषयच सोडला. नुसतं बसणाऱ्यांना परीक्षा नसते, काका मात्र हट्टाला पेटले: "आउटपुट नाही तर टेस्ट कसली?" प्रोफेसरांनी कंटाळून त्यांना पेपर दिला. किती मार्क पडले ते सांगत नाही, वयस्कर माणूस आहे. माझ्या बुटांच्या नंबरापेक्षा थोडे जास्त होते, एवढं समजा.

त्या संध्याकाळी काका आमच्याकडे आले ते पातेलंभर भिजवलेले काबुली चणे आणि टूथपिकांचं खोकं घेऊन. जिन्याखाली उभं राहून हाक मारली, "ईशा! नापास झालो! खाली ये, शिकव!"

वरचं दार उघडलं. आम्ही नवराबायको स्वयंपाकघरात श्वास रोखून. हळूहळू पावलं खाली आली.

"काका, व्हॉट आर यू डुइंग?"

"कार्बन करतोय." काकांनी एका चण्यात टूथपिका खुपसल्या होत्या. "हा बघ. आता याला पाच मित्र—"

"पाच? काका, नो! कार्बनला चारच बॉन्ड असतात!"

"का? त्याची इच्छा असेल तर?"

"त्याला इच्छा नसते! ओह माय गॉड. सरका. सरका तिकडे." आणि कित्येक महिन्यांनंतर आमच्या जेवणाच्या टेबलाशी आमची मुलगी बसली. बसली म्हणजे काय, ओरडायलाच लागली. मेधाने माझा दंड इतका घट्ट पकडला, की त्याची खूण अजून दाखवू शकतो.

मग हा रोजचाच कार्यक्रम झाला. दवाखान्यातून आली की ईशा शिक्षिका आणि काका विद्यार्थी. चण्यांची इथेनॉलं झाली, बेंझिनं झाली, मेधाने त्यांची उसळ केली. आमच्या घरात त्या थंडीत जेवढं छोले-उसळ शिजलं, तेवढ्यात एक फलटण जेवली असती. काका मुद्दाम चुकायचे का खरोखरच चुकायचे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा ईशा हसता हसता म्हणाली, "काका, यू आर होपलेस." काका म्हणाले, "असू दे. तू तर आहेस ना." त्या रात्री जेवताना ती स्वतःहून म्हणाली, "हे मला येतं, बाबा. ऑल ऑफ इट. मला आधी का नाही आलं?"



एप्रिलमधला एक गुरुवार. त्या दिवशी मी घरून काम करत होतो, मेधाचीही सुट्टी होती. दुपारी काका कॉलेजातून परस्पर आमच्याकडे आले. दप्तर पाठीवरच. मेधाने पोहे पुढे ठेवले. काकांनी बशीकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही घ्या."

तुम्ही घ्या! सूर्य पश्चिमेकडून येऊन एडिसनमध्ये गाडी लावायला जागा शोधतोय असं कुणी सांगितलं असतं, तरी मी एवढा हललो नसतो. मोघेकाका पुढ्यातला घास दुसऱ्याला आधी देत होते. मी त्यांच्या कपाळाला हात लावला.

"आज वर्गात एक मुलगी उशिरा आली," काका म्हणाले. "प्रोफेसर चिडले. म्हणाले, माझे केस काळे होते तेव्हापासून हा वर्ग मंगळवार-गुरुवार सकाळीच भरतो, एका सेमिस्टरलाही वेळ बदललेली नाही."

"बरं, मग?"

"मंगळवार-गुरुवार, सकाळी."

मला काही कळेना. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही.

"सुलभाची किमो चालू होती तेव्हा माझ्या रजा संपल्या होत्या. मंगळवार-गुरुवार मला ऑफिसला जावंच लागायचं. त्या दिवशी सकाळी तिच्याजवळ तुमची ईशा यायची. मी विचारलं होतं तिला, बाळा, तुझं कॉलेज? म्हणाली, काका, या वर्षी मला मंगळवार-गुरुवार दुपारपर्यंत क्लासच नाहीत."

मेधा खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "आम्ही दोघं पहाटेच ट्रेनला निघायचो. आम्हाला वाटायचं, ती कॉलेजला जाते. मी डबा द्यायचे तिला."

"डबा घेऊन यायची. सुलभाला खाता यायचं नाही. किमोने तोंड सगळं सोललं होतं, पाण्याचा घोटसुद्धा निखाऱ्यासारखा. पण डबा उघडून वास घ्यायची. म्हणायची, मेधाची फोडणी आहे." काका थांबले. "ईशा मिठाच्या पाण्यात मऊ बोळा बुडवून तिचे दात पुसून द्यायची. एकेक दात. मी संध्याकाळी आलो की सुलभा सांगायची, आज तोंड हलकं आहे. मला वाटायचं, औषधाने."

जिन्यावर आवाज झाला. ईशाचीही त्या दिवशी सुट्टी होती. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"सॅक्रिफाइस वगैरे नव्हतं ते, ओके?" ती चिडून म्हणाली. तिला रडू आवरायचं असलं की ती चिडते. "मला आवडायचं तिथे. क्लासला गेले तरी डोक्यात काकूच असायची. आणि डेंटिस्ट व्हायचं माझं तिथेच ठरलं."

"मग अर्जात लिहिलं का नाहीस?" मी ओरडलोच. "सगळ्यांना निबंधात विचारतात ना, का व्हायचंय म्हणून? तू लिहिलंस, लहानपणी तुझ्या दातांना ब्रेसेस होत्या!"

"ते काकूचं तोंड होतं, बाबा. कॉलेजला दाखवायला नव्हतं."

 पोहे गार झाले. मग काका बोलले, पण आमच्यापैकी कुणाशी ते सांगता येणार नाही.

"कुठलीच गोष्ट मी तिला आधी करू दिली नाही. हॉस्पिटलात पहिल्या दिवशी नर्सला म्हटलं, ती सुई आधी मला लावा. हसली ती, गंमत वाटली तिला. मी गंमत करत नव्हतो. एवढ्या एकाच ठिकाणी सुलभा माझ्याआधी गेली. काही होतं का, दुखतं का, मला काही सांगता आलं नाही तिला."

आजवर मोघेकाकांनी मला इतके धक्के दिले होते, की मी त्यात तयार झालो होतो असं समजत होतो. माझी ती समजूत तिथल्या तिथे मोडली. ईशा खाली आली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. दप्तराचा पट्टा त्यांच्या खांद्यावरून काढला आणि दप्तर खाली ठेवलं.

थोड्या वेळाने काकांनी नाक पुसलं, चष्मा घातला आणि आवाज ऑफिसातला केला. "हं. निकाल. क्लास वाईट नाही. प्रोफेसर बरे आहेत, फक्त फार पुटपुटतात. मुलगी हुशार आहे, शिकवते तर उत्तम. मार्क कशाने पडले ते सापडलं." काकांनी पोह्यांची बशी बाजूला सरकवली. "ते कारण आता घरात नाही. तेव्हा हा प्रोग्रॅम तिला उपयोगी पडेल. घाला तिला."

ईशाने त्यांच्याकडे बघितलं. "काकूचं लिहू मी?"

काकांनी बराच विचार केला. "लिही. पण फोडांचं फार लिहू नकोस. नीटनेटकी बाई होती. पदर सरळ केल्याशिवाय फोटो काढू द्यायची नाही."

ऑगस्टच्या शेवटी, काका शिकले त्याच विद्यापीठात, ईशाचं पोस्ट-बॅक सुरू झालं. पुढे डेंटल स्कूलात तिचं काय होणार ते मला माहीत नाही. नवे अर्ज अजून जायचेत, आणि ज्याची टेस्ट झालेली नाही त्याबद्दल मी बोलत नाही, काकांच्या संगतीचा परिणाम. पण पहिल्या दिवशी सकाळी ते आमच्या ड्राइव्ह-वेवर हजर होते एवढं सांगतो.

"तिसऱ्या रांगेत खिडकीशी बस. पुढे एसीचा झोत मानेवर येतो, मागची पोरं चिप्स खातात. सगळ्या खुर्च्यांवर बसून पाहिलंय मी. कँटीनची कॉफी घेऊ नकोस. ग्रंथालयात वरच्या मजल्यावर जा, खालच्यावर झोप लागते, मला दोनदा लागली."

"काका, आय नो. थँक यू."

"जा. काही होत नाही."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी काकांचा हात वर होता. मग तो खाली आला आणि त्याचं काय करायचं ते त्यांना सुचेना. दप्तर नाही, पुस्तक नाही, टोपी नाही. कॉलेज संपलं होतं त्यांचं. मी म्हटलं, "चला, तुमच्याकडे चहा करतो." ते नको म्हणाले नाहीत.

त्यांच्या घरात मी अनेकदा गेलोय, पण स्वयंपाकघरात कधी शिरलो नव्हतो. ओट्यावर एक कप, एक बशी, एक चमचा. बाकी सगळं कपाटात, काचेआड, सरळ रांगेत, काकूंनी लावून ठेवलेलं. टेबलाच्या एका खुर्चीसमोर चण्याचा एक कार्बन, वाळून टणक झालेला. चार टूथपिकांचा. बरोबर.

चहा उकळला. गाळला. काका टेबलाशी बसून खिडकीबाहेर बघत होते, कप पुढे आल्यावर नेहमीसारखा हात पुढे करतील म्हणून मी थांबलो. त्यांनी केला नाही. मग मीच तो कप उचलला, त्यांच्यादेखत एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि कप त्यांच्यापुढे ठेवला.

"घ्या काका. काही होत नाही."

मोघेकाका माझ्याकडे असे बघत राहिले, की गणपतीच्या दिवशी हॉलमध्ये आमचे गुरुजीसुद्धा त्यांच्याकडे असे बघत नव्हते.

"उष्टा केलास?"

"केला."

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "साखर कमी आहे," म्हणाले, आणि सगळा प्याले.